ओवाळणीचा रॉड

'स्पिनिंग की कास्टिंग?'

पाणीपुरीवाला 'तिखट की मीडियम?' विचारतो ना, तितक्या सहज काउंटरमागच्या मुलाने हा प्रश्न विचारला. मी दादाकडे पाहिलं. दादा भिंतीकडे पाहत होता. भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिशिंग रॉड उभे. खाली काचेच्या कपाटात घड्याळांसारखी मांडून ठेवलेली रिळं. आणि मध्ये मी, साडीवर दादाचं जॅकेट चढवून!

दिवस भाऊबीजेचा. स्थळ अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं एक भलंमोठं दुकान. विषय माझी ओवाळणी.

आता तुम्ही म्हणाल, ओवाळणीत फिशिंग रॉड? ड्रेस, परफ्यूम, गेला बाजार एखादं गिफ्ट कार्ड तरी! सांगते. पण त्यासाठी आधी जरा मागे जावं लागेल.

मी फ्रीलान्स जर्नलिस्ट. म्हणजे मास कॉमची डिग्री, एक लॅपटॉप आणि 'सध्या काय करतेस?' या प्रश्नाला दर वेळी वेगळं उत्तर. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आणि बरोब्बर उलटा. इंजिनीअरिंग, कॅम्पस, ऑनसाइट, मग तिथलीच नोकरी, एच-वन-बी, घर, वहिनी, चिऊ. सगळं कसं वेळच्या वेळी. आमच्या डोंबिवलीच्या घरात 'दादाकडे बघ जरा' हे वाक्य मी वरणभातासारखं रोज खाल्लंय.

तर २०२५च्या दिवाळीला मी खरोखरच दादाकडे बघायला गेले. तीन आठवड्यांसाठी. त्याचं घर अटलांटाच्या उत्तरेला, कमिंग नावाच्या गावात. घरापासून गाडीने वीसेक मिनिटांवर लेक लॅनिअर. पहिले दोन दिवस दादा 'वर्क फ्रॉम होम' करत होता. म्हणजे वरच्या खोलीचं दार बंद आणि आतून कसलाच आवाज नाही. मला वाटलं, केवढा सिन्सिअर!

तिसऱ्या दिवशी जेट लॅगमुळे पहाटे साडेचारला टक्क जाग आली. पाणी प्यायला खाली आले तर किचनमध्ये दादा. हातात थर्मास, खांद्यावर दोन रॉड.

'कुठे?'

'मासे.'

'आज शुक्रवार आहे ना? ऑफिस?'

दादा क्षणभर थांबला. मग म्हणाला, 'येतेस का?'

जॉर्जियात सोळा वर्षांवरच्या माणसाला गळ टाकायचा तर लायसन्स लागतं. ते त्याने गाडीत बसल्या बसल्या फोनवरून काढून दिलं. आमचे आजोबा मालवणात लाकडाच्या तुकड्याला तंगूस गुंडाळून गरवायला जायचे. त्यांना लायसन्सची गोष्ट सांगितली असती तर ते आठवडाभर हसत बसले असते.

लेक लॅनिअर हे खरं तर धरणाचं पाणी. १९५०च्या दशकात चॅटाहूची नदीवर ब्युफर्ड धरण बांधलं गेलं आणि सुमारे ३८ हजार एकरांचा जलाशय तयार झाला. नाव दिलं सिडनी लॅनिअर या जॉर्जियाच्या कवीचं. पहाटे तिथे धुकं पाण्यावर असं लोळत होतं की पलीकडचा काठ दिसेना. आम्ही एका खडकाळ टोकावर उभे राहिलो. दादाने थर्मासमधली कॉफी दिली आणि पाण्याकडे बघत म्हणाला, 'सहा तारखेला काढलं गं मला. अख्खी टीमच. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल.'

मी काय बोलणार? माझं सगळं करिअर लोकांना प्रश्न विचारण्यात गेलं, आणि त्या क्षणी मला एक प्रश्न सुचला तर शपथ.

हिशोब त्यानेच सांगितला. एच-वन-बीवरच्या माणसाची नोकरी गेली की जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने त्याच्यासाठी अर्ज भरला तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळायचा. वहिनीचा व्हिसा त्याच्याच व्हिसाला टांगलेला. आणि एकदा देशाबाहेर पडलं की परत येणं आणखी अवघड, कारण सप्टेंबर २०२५ मध्येच बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली गेली होती. सहा ऑक्टोबर अधिक साठ म्हणजे पाच डिसेंबर. चिऊच्या शाळेचं नाटक अकरा डिसेंबरला.

'घरी बसलो की दर दोन मिनिटांनी मेल बघतो,' दादा म्हणाला. 'इथे निदान दोन तास दोन्ही हात गुंतलेले असतात. आणि हे बघ, आई-बाबांना काही बोलायचं नाही.'

'पण...'

'नाही म्हटलं ना!'

मग वातावरण हलकं करायला म्हणून त्याने जॉर्ज पेरीची गोष्ट सांगितली. २ जून १९३२. अमेरिकेत मंदी जोरात, पेरी याच जॉर्जियातला तरुण शेतकरी. त्याने माँटगोमेरी लेकमध्ये एक लार्जमाउथ बास पकडला, २२ पाउंड ४ औंसांचा. म्हणजे जवळपास दहा किलो. तो विश्वविक्रम आजही उभा आहे. २००९मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता नावाच्या माणसाने बरोबरी केली, पण मागे टाकता आलं नाही.

'आणि त्या माशाचं काय झालं?' मी विचारलं.

'घरी नेऊन खाल्ला.'

'मालवणी असणार!'

दादा हसला. मी आल्यापासून पहिल्यांदा.

आता जरा टेक्निकल होऊ या. घाबरू नका, मलाही त्याच दिवशी कळलं.

बासला गांडूळ लावून वाट बघत बसायची पद्धत इथे फारशी नाही. खोटं आमिष फेकायचं, ते खऱ्या माशासारखं किंवा किड्यासारखं नाचवायचं, की बास चिडून किंवा भुकेने झडप घालतो. लॅनिअर प्रसिद्ध आहे स्पॉटेड बाससाठी. अंगावर ठिपक्यांच्या ओळी आणि स्वभाव पक्का भांडखोर. फेकायची यंत्रं दोन. कास्टिंग रीळ रॉडच्या वर बसतं. फेकलं की त्याचं स्पूल स्वतः गरागरा फिरतं आणि दोरा सोडतं. स्पिनिंग रीळ रॉडच्या खाली लटकतं. त्याचं स्पूल जागेवरच राहतं आणि दोरा त्यावरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटतो.

दादा कट्टर कास्टिंगवाला. तिथल्या बास पकडणाऱ्यांमध्ये हा जरा इज्जतीचा मामला असतो. कास्टिंग म्हणजे गिअरची गाडी, स्पिनिंग म्हणजे स्कूटी. स्पिनिंगवर शिकतात ती पोरंटोरं. दादाची दोन्ही रिळं कास्टिंगची, भारीतली, तीन वर्षांपूर्वी बोनसच्या पैशांतून घेतलेली. वहिनी त्यांना 'माझ्या सवती' म्हणते.

त्यातली एक सवत त्याने माझ्या हातात दिली. 'अंगठा स्पूलवर ठेव. फेकताना सैल कर. आमिष पाण्याला टेकायच्या आत परत दाब.' मी फेकलं. आमिष दहा फुटांवर पडलं आणि रिळात दोऱ्याचा असा काही गुंता झाला की बस! इथले लोक त्याला पक्ष्याचं घरटं म्हणतात. माझ्या घरट्यात दोन-चार कावळे आरामात राहिले असते. फंडा साधा आहे. स्पूल आमिषापेक्षा जोरात फिरलं की सुटलेल्या दोऱ्याला जायला जागा उरत नाही. स्पूलला ब्रेक असतात, पण खरा ब्रेक तुमचा अंगठा. आणि अंगठ्याला अक्कल यायला काही महिने लागतात.

दादाचं फेकणं मात्र बघत राहावं असं. मनगटाचा एक झटका, की आमिष चाळीस पावलांवरच्या बुडालेल्या ओंडक्याला घासून पडणार. पण मासा? एक नाही. दोन तास झाले, तीन आमिषं बदलून झाली, सगळी दहा-पंधरा ग्रॅमची, रंगीत, झुळझुळीत. पाणी काचेसारखं स्वच्छ. त्या माशांनी असली आमिषं आधीच शंभरदा पाहिलेली असणार.

आमच्यापासून थोड्या अंतरावर एक म्हातारा फोल्डिंग खुर्ची टाकून बसला होता. हातात बारीकसा स्पिनिंग रॉड. आमच्यादेखत त्याने चार मासे काढले आणि चारही सोडून दिले. जाताना दादापाशी थांबला, डबीतून काहीतरी काढून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि एवढंच म्हणाला, 'यांना आज मोठं काही नकोय.'

मी बघितलं तर बोटाच्या दोन पेरांएवढा तपकिरी रबराचा तुकडा. पुढे मशरूमच्या टोपीसारखं शिशाचं डोकं आणि त्यातून निघालेला बारीक गळ. वजन दोन-तीन ग्रॅम. दिसायला एकदम बोअर. याला म्हणतात नेड रिग. कॅन्ससमधल्या नेड केडी या मासेमारीवर लिहिणाऱ्या लेखकाचं नाव त्याला मिळालंय. लिहिणाऱ्या माणसाच्या नावाने काहीतरी टिकून राहतं हे वाचून मला उगाच बरं वाटलं.

या सगळ्या प्रकाराला फिनेस फिशिंग म्हणतात. पाणी स्वच्छ असेल, थंडी पडली असेल, माशांवर रोज शंभर गळ पडत असतील, तेव्हा आरडाओरडा करायचा नाही. आमिष लहान, दोरा बारीक, हालचाल कमीत कमी. ते रबर तळाशी नुसतं पडू द्यायचं, हळूच ओढायचं आणि थांबायचं. खरं कौशल्य थांबण्यात.

दादाने ते आपल्या रिळावर लावून बघितलं. दोन-तीन ग्रॅमच्या तुकड्यात तेवढं वजनदार स्पूल नीट फिरवण्याची ताकदच नव्हती. जोर लावला की घरटं, नाही लावला की पायाशी पडणार. तिसऱ्या घरट्यानंतर त्याने तुकडा काढून खिशात टाकला. 'स्पिनिंगची नाटकं आहेत ही,' म्हणाला.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी डोंबिवलीला व्हिडिओ कॉल झाला. दादाने नवा कुर्ता घातलेला, पाठीमागे आकाशकंदील. आई म्हणाली, 'बारीक झालंस रे. ऑफिसात काम जास्त आसा काय?' आई काळजीत असली की थेट मालवणीवर येते. दादा म्हणाला, 'हो ना, खूप काम.' मी कॅमेऱ्याच्या बाहेर सरकून कडाकडा चकली खात बसले. तोंड भरलेलं असलं की खोटं बोलावं लागत नाही.

त्या रात्री भांडी आवरताना वहिनीने आणखी एक गोष्ट सांगितली. अल्फारेटातल्या एका छोट्या कंपनीचा मेल आला होता. काम दादाच्या ओळखीचं, व्हिसाचा अर्ज भरायला ते तयार. पण पद दोन पायऱ्या खालचं. हाताखाली टीम नाही, स्वतःच बसून कोड लिहायचा. 'पाच दिवस झाले. त्याने साधं उत्तर दिलेलं नाही,' वहिनी म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण ती एकच कढई तिसऱ्यांदा घासत होती.

'तू बोलून बघ ना,' ती म्हणाली.

मी? 'दादाकडे बघ जरा' ऐकत मोठी झालेली मी, दादाला करिअरचा सल्ला देणार? मी रात्रभर वाक्यं जुळवली आणि सकाळी एकही बोलले नाही.

आणि मग भाऊबीज. वहिनीने पाट मांडला, मी ओवाळलं. ताम्हनात काय पडणार याची मला खरंच धास्ती होती. दादा दर वर्षी दणदणीत ओवाळणी घालतो, आणि या वर्षी त्याने ती घालू नये असं मला मनापासून वाटत होतं. त्याने ताम्हनात गाडीची किल्ली ठेवली. 'चल. तुझी ओवाळणी दुकानात आहे. आठवडाभर माझ्या मागे येतेस, तुला तुझा स्वतःचा रॉड नको?'

तर आता परत त्या काउंटरपाशी या.

स्पिनिंग की कास्टिंग?

दादाने माझ्यासाठी आधीच ठरवून ठेवलं होतं. कास्टिंगच, पण साधं नाही. जपानी पद्धतीचं, बेट फिनेस नावाचं. हलक्या आमिषांसाठी जपानी लोकांनी कास्टिंग रीळच हलकं केलं. उथळ, वजनाला नगण्य स्पूल, त्यावर थोडाच आणि बारीक दोरा, ब्रेक एकदम नाजूक. तीन-चार ग्रॅमचं आमिषही त्यावरून सुरेख जातं. वर कास्टिंगचे सगळे फायदे आहेतच. नेम अचूक, अंगठ्याने पाहिजे तिथे दोरा थांबवता येतो, दोऱ्याला पीळ पडत नाही, आणि जेटीच्या खाली किंवा झुडपांत शिरलेल्या माशाला खेचायला पकड चांगली. दादा बोलताना इतका खुलला होता! त्याच्या कामाबद्दल तो एकेकाळी असाच बोलायचा.

मी त्या रिळाची किंमत बघितली. रॉड धरून तीनशे डॉलरच्या वर.

शेजारीच स्पिनिंगचा सेट होता. सात फुटी, टोकाला लवचीक मीडियम-लाइट रॉड, २५०० साइजचं रीळ. साठ डॉलर. काउंटरमागचा मुलगा म्हणाला, दोन-तीन ग्रॅमचं आमिष फेकायचं आणि पहिल्यांदाच शिकायचं असेल तर हेच. स्पूल फिरवायचंच नसतं, त्यामुळे हलक्यातलं हलकं आमिष आपल्या वजनाने दोरा घेऊन जातं. समोरून वारा असला तरी फारसं अडत नाही. पाण्यात पडल्यावरही दोरा मोकळा सुटतो, म्हणून आमिष सरळ खाली बसतं, आपल्याकडे ओढलं जात नाही. मुख्य दोरा १० पाउंडी विणलेला, पुढे काही फूट ८ पाउंडी फ्लुरोकार्बन, जो पाण्यात जवळजवळ दिसत नाही. तोटे? दोऱ्याला पीळ पडतो, आणि दाट झाडीतून मोठा मासा ओढून काढायचं हे हत्यार नव्हे.

'हेच द्या,' मी म्हणाले. 'स्पिनिंग.'

दादाने पैसे दिले. एक शब्द बोलला नाही. पार्किंगमध्ये डिकी उघडून रॉड आत ठेवला आणि मग वळला.

'मला तुझी दया नकोय.'

'दया कसली? मी डावखुरी आहे. तुझी ती रिळं सगळी उजव्या हाताची. स्पिनिंगचं हँडल काढून कुठल्याही बाजूला लावता येतं, त्या मुलानेच सांगितलं.'

आणि इथे माझी वाट लागली. कारण दादा असा काही भडकला! 'अगं, डावखुरी म्हणून तर तुला उजव्या हँडलचं कास्टिंग परफेक्ट! डाव्या हाताने फेकायचं, उजव्याने फिरवायचं. हात बदलायचीसुद्धा गरज नाही. मी उजव्याने फेकतो आणि मग रॉड डाव्या हातात घेतो, गेली तीन वर्षं! थापा मारू नकोस!'

रंगेहाथ पकडले गेले. आजूबाजूला लोक गाड्यांत सामान भरत होते, आणि साडी नेसलेली एक बाई आणि तिचा भाऊ मराठीतून रिळाच्या हँडलवरून भांडत होते.

मग मी खरं ते बोलले. 'हो, पैशांचा विचार केला. का करू नये? मला रोज तीन ग्रॅमचं आमिष फेकायचंय, कारण इथले मासे सध्या तेच खातायत. त्याला साठ डॉलरचं रीळ पुरतं. तुला तीनशेचं द्यायचंय, कारण तुला वाटतं साठचं दिलं तर तू कमी पडलास. दादा, मी गेली सहा वर्षं साठ डॉलरवालीच कामं करतेय. पोट भरतं. लाज वाटत नाही. वाटायला हवी का?'

तो काहीच बोलला नाही. गाडीत बसलो. अर्ध्या रस्त्यात म्हणाला, 'वहिनीने सांगितलं वाटतं अल्फारेटाचं.'

'हं.'

'हं,' तो म्हणाला.

मला माहितीये, तुम्हाला आता लाइफ लेसनचा वास येतोय. हलकं आमिष, हलका जॉब, वगैरे वगैरे. मी हे दादाला बोलून दाखवलं असतं तर त्याने मला लॅनिअरमध्ये ढकललं असतं. म्हणून नाही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे परत तोच खडक. दोरा तर्जनीवर धरायचा, बेल म्हणजे ती तारेची कमान उघडायची, फेकताना बोट सोडायचं. आमिष पडलं की कमान हातानेच बंद करायची, हँडल फिरवून नाही, म्हणजे पीळ कमी पडतो. दहा मिनिटांत जमलं! घरटं नाही, कावळे नाहीत. ते बोअर रबर बरंच लांब गेलं, टुपकन पडलं, बुडालं. मी थांबले. हळूच ओढलं. थांबले.

चौथ्या-पाचव्या फेकीला दोरा जड झाला. झटका वगैरे नाही. ओल्या फडक्यात गळ अडकावा तसं वाटलं. 'उचल!' दादा ओरडला. रॉड वाकला, रीळ किर्रर्र करत दोरा सोडायला लागलं, कारण ड्रॅग नेमका तेवढ्यासाठीच असतो. मासा ओढेल तेव्हा ओढू द्यायचं, दमेल तेव्हा आपण ओढायचं. बारीक दोऱ्यावर जबरदस्ती चालत नाही. तीनेक मिनिटांनी तो काठाशी आला. जेमतेम फूटभर लांब, हिरवट, ठिपक्यांचा, आणि माझ्याकडे अशा काही रागाने बघणारा की मी सॉरीच म्हणाले.

'सोड आता त्याला,' दादा म्हणाला.

'सोडू? नुसतं तिखट-मीठ लावून...'

'सोड गं!'

सोडला. मालवणी रक्ताने आयुष्यात पहिल्यांदा हातातला मासा परत पाण्यात सोडला. अमेरिकेत रे स्कॉट या स्पर्धा भरवणाऱ्या माणसाने १९७२पासून बास जिवंत सोडायची टूम रुजवली, असं दादाने नंतर सांगितलं. त्या माणसाने बांगड्याचं तिखलं खाल्लेलं नसणार.

मग दादाने हात पुढे केला. 'दे जरा.' माझा रॉड घेतला, हँडल उजवीकडे असल्यामुळे दोन-चारदा चुकला, चिडला, आणि तासाभरात तीन मासे काढले. तिसरा सोडून झाल्यावर ओले हात पँटला पुसत त्याने फोन काढला. मला वाटलं फोटो. तर तो मेल टाइप करत होता. खूप मोठा नसावा, कारण लवकर संपला.

आईला त्याने त्या रविवारी स्वतःहून सांगितलं. मी मुद्दाम समोर बसले होते, चकलीशिवाय. सांगून झाल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता. बाबांनी चष्मा काढून पुसला. मग आई म्हणाली, 'मग दिवसभर करतंस काय?'

'अर्ज करतो. आणि सकाळी मासे पकडतो.'

'गावतत?'

'गावतात.'

'मगे करतंस काय त्येंचा? कालवण की तळतंस?'

'सोडून देतो, आई.'

आई कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली. स्क्रीनभर तिचं कपाळ. 'सोडून देतंस? मगे पकडतंस कित्याक?' नोकरी गेल्याच्या बातमीपेक्षा तिला याचाच धक्का जास्त बसला होता, किंवा तिने तसं दाखवलं. आम्ही चौघंही हसलो, आणि मग आई रडली, आणि मग तिने विचारलं की वहिनीला पैसे पाठवू का.

मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परतले. अल्फारेटाच्या कंपनीने तीन इंटरव्ह्यू घेतले आणि बरेच दिवस काही कळवलंच नाही. अर्ज भरला गेला तो बावन्नाव्या दिवशी. पगार आधीपेक्षा बराच कमी आहे. वहिनीने खर्चाची वही घातलीय, आणि दादाने त्याची एक सवत विकली. चिऊचं नाटक त्याने पहिल्या रांगेत बसून बघितलं. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. पण तो फोनवर पुन्हा कामाबद्दल बोलतो, तेही न विचारता.

आता तुमच्यापैकी कुणी लॅनिअरला किंवा तसल्याच स्वच्छ पाण्यावर फिनेस करायला जाणार असेल, तर माझा पाच पैशांचा सल्ला. पाच-सहा ग्रॅमच्या आतलं आमिष असेल आणि एकच सेट घ्यायचा असेल, तर डोळे मिटून स्पिनिंग. दहा ग्रॅमच्या वर गेलात, झाडीत घुसायचं असेल, अंगठ्याला शिकवायला वेळ असेल, तर कास्टिंग. खिसा जड आणि आमिष हलकं असेल तर ते जपानी. डावखुरे असाल तर कुणाला थापा मारू नका.

माझी ओवाळणी मी तिथेच ठेवून आले. 'बॅगेत मावत नाही,' मी सांगितलं. रॉड दोन तुकड्यांत सुटतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

गेल्या आठवड्यात दादाने फोटो पाठवला. खडक, धुकं, हातात चांगला दीड फुटाचा बास, आणि काखेत माझा रॉड. खाली लिहिलेलं, 'तुझा रॉड मधून मधून वापरून ठेवतो, गंजायला नको.'

मी फोटो झूम केला. रिळाचं हँडल काढून डावीकडे बसवलेलं होतं.

चोर!